मुलीचा पाठ आणि आईची काळजी



या वेळच्या पत्रांत कोपरच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आहे. त्यांची धाकटी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मुलगी पुस्तक आईच्या हातात देते आणि म्हणते, “आई, माझा पाठ घे.” मुलगी घडाघडा म्हणत जाते आणि आई पानावर बोट ठेवून बघत राहते. ‘पण ताई, मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. सध्या मज्जासंस्था चालू आहे. मेंदू, मणका, बाराच्या जोड्या, एकतीसच्या जोड्या. आपल्या घरातल्या भाषेत सांगाल का?’ असं त्या विचारतात. साडेतीन पानं याच मजकुराची आहेत.

आणि मग शेवटच्या अर्ध्या पानावर, अक्षर थोडं बारीक करून, असं लिहिलंय की याच मुलीला लहानपणी फिट येत असत. शेवटची फिट चौथीत असताना आली. डॉक्टरांनी आठवीत गोळ्या बंद केल्या. आता मुलीला एकोणीस पूर्ण झाली आणि नात्यातून एक चांगलं स्थळ आलंय. जाऊबाई म्हणतात, तोंडातून अवाक्षर काढू नका. यजमान गप्प आहेत. काय करू?

खरं पत्र हे शेवटचं अर्धं पानच आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तरी मी सुरुवात पहिल्या पानापासूनच करणार आहे. फिट म्हणजे काय हे नीट कळलं, तर सांगावं की लपवावं या प्रश्नाची निम्मी भीती आपोआप उतरते.

गावाचं नाव कोपर, तर हाताच्या कोपरापासूनच निघू या. दाराच्या कडेवर कोपर आपटलं की थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. हाडाला लागलं असं आपण म्हणतो, पण ते हाड नसतं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो, तो तिथे अगदी कातडीखाली असतो. त्याला धक्का बसतो. तो करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाचा असल्याने झिणझिण्याही तिथेच उमटतात. मराठीत आपण रक्ताच्या शिरेलाही ‘नस’ म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो, त्यातून फार घोटाळे होतात. रक्ताची शीर ही नळी आहे, तिच्यातून रक्त वाहतं. मज्जातंतू ही तार आहे. तिच्यातून निरोप जातो. मुलीचा पाठ घेताना एवढा एक फरक मनात पक्का धरा.

कोपराचा हाच तंतू कुष्ठरोगात जाड होतो. आरोग्यसेविका तपासायला आल्या की कोपराच्या मागे बोटांनी चाचपतात ते त्यासाठी. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, आणि तिथे टाचणी टोचली तरी कळत नसेल, तर तो खाजेचा डाग समजून मलमं लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात याचं औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर बोटं वाकडी होत नाहीत.

आपल्या वयाच्या बायकांची नेहमीची तक्रार मात्र दुसऱ्या तंतूची असते. रात्री झोपेत हात बधिर होतो, जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. बधिरपणा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन-तीन बोटांत असेल तर दाब मनगटात आहे. करंगळीत असेल तर बहुधा कोपरात. कपडे पिळणं, कणीक तिंबणं, शिलाई यांनी तो वाढतो. गरोदरपणात, थायरॉइडच्या आजारात आणि मधुमेहातही होतो. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकच्या बाटल्या रिचवण्याऐवजी डॉक्टरांना नेमकी बोटं दाखवा. बोटं सांगितली की निम्मं निदान तुम्हीच केलेलं असतं.

आता त्या एकतीस जोड्या. पाठीच्या कण्याच्या मण्यांमधून मज्जारज्जू खाली येतो. साधारण करंगळीएवढा जाड, बायकांमध्ये सुमारे ४२-४३ सेंटिमीटर लांब. त्याच्यातून दोन्ही बाजूंना तंतूंच्या ३१ जोड्या फुटतात आणि मानेखालच्या साऱ्या शरीरभर पसरतात. हा रज्जू नुसता निरोप्या नाही, वेळप्रसंगी स्वतः निर्णयही घेतो. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघतं, हे रोज अनुभवता की नाही? हात मागे घेण्याचा हुकूम रज्जूनेच दिलेला असतो. मेंदूला बातमी मागाहून पोचते. घरातली थोरली सून सासूबाईंना विचारायला न जाता उतू जाणारं दूध खाली उतरवते, तसंच हे.

इथे एक गैरसमज काढून टाकते. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेलं इंजेक्शन कित्येकींच्या मनात घर करून बसलेलं असतं. ‘मणक्यात सुई दिली तेव्हापासून कंबर गेली.’ मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मण्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली देतात, जिथे रज्जू नसतोच. पाण्यात शेवया सोडाव्यात तसे सुटे तंतू तिथे तरंगत असतात आणि ते सुईला बाजूला सरकतात. चार दिवस टोचल्या जागी दुखेल, डोकंही दुखू शकतं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर त्या सुईवर फोडायला आधार नाही. मूल कडेवर घेणं, वाकून काम करणं आणि बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंकडे झालेलं दुर्लक्ष, हे खरे चोर.

बारा जोड्या थेट मेंदूतून निघतात. त्या पाठ करताना मुली रडकुंडीला येतात. आईने स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं तर लवकर बसतील. हिंगाच्या फोडणीचा वास येतो तो पहिली जोडी. सुईत दोरा ओवताना दिसतो तो दुसरी. डोळे इकडेतिकडे फिरतात ते तिसरी, चौथी आणि सहावी मिळून. घास चावणं आणि चेहऱ्याला स्पर्श कळणं पाचवीकडे. हसणं, डोळा मिटणं, जिभेच्या पुढच्या भागाला आमटीचं मीठ कळणं सातवीचं काम. कुकरची शिट्टी ऐकू येते आणि स्टुलावर चढून डबा काढताना तोल राहतो तो आठवीमुळे. घास गिळणं आणि आवाज नववी-दहावीकडे. त्यातली दहावी पुढे हृदय आणि पोटापर्यंत जाते, फार लांबचा पल्ला आहे तिचा. ‘मला काय त्याचं’ म्हणून खांदे उडवतो ती अकरावी. आणि जीभ काढून दाखवणारी बारावी! सासरी तिचा वापर बेताने करावा, हे पुस्तकात नसतं.

सातवीवर थोडं थांबते. कधी कधी सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं, एक डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. खिडकीशी झोपलं, वारं लागलं असं लोक म्हणतात. नुसती सातवी जोडी सुजली तर त्या बाजूच्या कपाळाच्याही आठ्या जातात. पक्षाघातात मात्र बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालता येतात आणि ओठाचा कोपरा तेवढा खाली येतो. ही ओळख मुलीच्या परीक्षेसाठी आहे, बरं का. घरात कोणाचं तोंड वाकडं झालं तर आठ्या मोजत बसू नये, गाडी बोलवावी.

पक्षाघाताचं कोडं सांगण्यासाठी कोपरइतकं सोयीचं स्टेशन शोधून सापडलं नसतं. खालून मुंबई-कल्याण गाड्या जातात आणि वरून आडवी दिवा-वसईची लाइन. मेंदूतून निघालेल्या हालचालीच्या तारा मानेच्या वर, मेंदूच्या देठाच्या तळाशी अशाच एकमेकींना ओलांडतात. डाव्या मेंदूची तार उजव्या हातापायाला जाते, उजव्याची डाव्याला. म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की लुळी पडते ती उजवी बाजू. बहुतेक माणसांत बोलण्याचं केंद्रही डावीकडेच असतं. त्यामुळे उजवी बाजू गेलेल्या माणसाची वाचाही अनेकदा जाते. अशा सासऱ्यांना सगळं समजत असतं पण शब्द सापडत नसतो आणि घरातली माणसं मात्र त्यांच्यासमोरच ‘आता यांना काही कळत नाही’ म्हणून बोलतात. असं करू नका.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का. दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक खाली येतो का. एक साधं वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं हेही त्यातच. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. म्हणजे आपल्या हातात वेळ किती? डोंबिवली-कल्याणचा संध्याकाळचा रस्ता आठवा. आपल्यापासून जवळ, रात्रीही सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवा. १०८ चा नंबर आहेच. तोपर्यंत पाणी, चहा, औषध काही तोंडात घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं यात जे दोन तास जातात ते पुन्हा मिळत नाहीत.

आणखी एक आजार हल्ली सर्वांच्या तोंडी आला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे, म्हणजे जी. बी. एस.ची साथ आली. रुग्ण दोनशेच्या आसपास गेले. कित्येकांना श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागलं आणि काही दगावले. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं मज्जातंतूवर एक वेष्टन असतं. जुलाब करणाऱ्या जंतूशी लढता लढता शरीराचं सैन्य कधी कधी चुकून त्या वेष्टनावरच तुटून पडतं. पुण्याच्या काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत तसा जंतू सापडला होता. जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांनी पायांतून मुंग्या, पाय उचलेनासे होणं आणि तो लुळेपणा वर वर चढणं, ही त्याची खूण. आजार क्वचितचा आहे आणि बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण वेळेत रुग्णालय गाठलं तर. पाणी उकळून पिणं आणि चिकन नीट शिजवणं हे आपल्या हातात आहे.

आता फिट. अपस्मार, फेफरं, आकडी, मिरगी अशी तिची नावं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक लहरींनी बोलतात. एरवी ते बोलणं हळदीकुंकवाच्या बायकांसारखं चाललेलं असतं, जिचं तिचं, आपापल्या गटात. फिटमध्ये साऱ्याजणी एकाच वेळी एकच ओरडू लागतात. म्हणून सगळं अंग एका तालात झटके देतं. एक-दोन मिनिटांत पेशी दमतात आणि झटके आपोआप थांबतात. तेवढ्यात कोणी कांदा हुंगवलेला असतो, कोणी चप्पल नाकाशी धरलेली असते आणि श्रेय कांद्याला मिळतं.

अशा वेळी करायचं ते इतकंच. माणसाला खाली, कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. डोक्याखाली घडी केलेली साडी किंवा टॉवेल द्या. गळ्याशी घट्ट असलेलं सैल करा. चूल, पाणी, फर्निचर दूर सारा. घड्याळ लावा. दातांत चमचा घालू नका, त्याने दात तुटतात, जीभ वाचत नाही. हातपाय दाबून धरू नका. पाणी पाजू नका. पाच मिनिटांच्या वर चाललं, शुद्ध न येता पुन्हा सुरू झालं, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर रुग्णालयात न्या. तापात लहान मुलाला येणारी आकडी वेगळी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती येते आणि अशा बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही.

आपल्याकडे फिटचं एक कारण भाजीच्या टोपलीतून येतं, हे कित्येकींना ठाऊक नसतं. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून सांडपाण्याच्या भाज्यांवर येतात, न धुतलेल्या कोथिंबीर-कोबीतून पोटात जातात आणि अळीची गाठ मेंदूत बसते. कट्टर शाकाहारी घरांतही हे होतं. तेव्हा कच्च्या खायच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवा.

कोपरच्या ताई, आता तुमचं अर्धं पान.

मेंदूच्या वीजविकारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१४ साली एक व्याख्या ठरवली. शेवटच्या फिटला दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच वर्षं गोळीशिवाय गेली असतील, तर तो अपस्मार मिटला असं धरावं. चौथी ते एकोणीस पूर्ण, आणि आठवीपासून गोळी नाही. हिशेब तुम्हीच करा. ‘मिटला’ म्हणजे पुन्हा कधीच येणार नाही असा शिक्का नव्हे, पण शक्यता फार कमी. तिच्या डॉक्टरांकडे एकदा मुलीला घेऊन जा आणि हे त्यांच्या सहीने लिहून आणा. तो कागद तुम्हाला लागणार आहे.

कायद्याचीही गोष्ट सांगते. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपस्माराचे वारंवार झटके हे लग्न रद्द ठरवून घेण्याचं कारण बनलं. तेवीस वर्षं ही टांगती तलवार कितीतरी सुनांच्या डोक्यावर होती. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांनी ती काढण्यासाठी खूप खटपट केली आणि १९९९ साली कायद्यातून अपस्मार हा शब्द वगळण्यात आला. तेव्हा आज फिटचा आजार लग्नाच्या आड कायद्याने येत नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, अशी तक्रार करायची वाट त्याच कायद्यात अजून आहे. तुमच्या जाऊबाईंना हे सांगा. जे सांगितल्यावर कायदा तुमच्या मुलीच्या बाजूने आहे, तेच लपवलं तर दुसऱ्याच्या हातात कोलीत दिल्यासारखं होतं.

कोर्ट दूरच राहू द्या. लपवणाऱ्या मुली गोळ्या चोरून घेतात, मग चुकवतात, जागरण करतात, सासरी सांगता येत नाही म्हणून उपास करतात, आणि पहिल्या बाळंतपणात डॉक्टरांनाही सांगत नाहीत. तुमची मुलगी आज गोळीवर नाही. पण ज्या बहिणी आहेत त्यांच्यासाठी लिहिते. गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. फिटच्या काही गोळ्या, विशेषतः व्हॅलप्रोएट, गर्भाला अपाय करतात आणि त्या बदलून देता येतात. फॉलिक ॲसिडही आधीपासून घ्यावं लागतं. घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करणं मात्र सर्वांत धोक्याचं. अपस्मार असलेल्या बहुसंख्य बायकांची मुलं सुदृढ होतात. आईला आजार होता म्हणून मुलाला होईलच असं नाही, शंभरातल्या नव्वदांहून अधिक मुलांना तो होत नाही.

तेव्हा सांगायचं. कधी? पत्रिका जुळली, दोघं एकमेकांना पसंत पडली, की लगेच, साखरपुड्याची तारीख ठरण्याआधी. कोणी? तुम्ही नव्हे, मध्यस्थ तर नव्हेच. मुलीने मुलाला सांगावं. ‘मला लहानपणी फिट यायच्या, चौथीनंतर आलेली नाही, आठवीपासून औषध नाही, हा डॉक्टरांचा कागद.’ एवढं एका दमात म्हणता येतं. रडून, माफी मागितल्यासारखं सांगू नये, आणि मुलाने विचारलं तर उत्तर द्यायला तिच्याइतकं लायक माणूस दोन्ही घरांत कोणी नाही. ती तेच तर शिकतेय!

सांगितल्यावर ते नाही म्हणतील, अशी भीती वाटते ना? म्हणतीलही. नात्यात चार जणांना कळेल, हीही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण ज्या घराला हे ऐकवत नाही, त्या घरात उद्या तुमच्या मुलीला साधा टायफॉइड झाला तर तिचं कोण करणार?

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी उत्तर देते. नर्सिंगची पदवी चार वर्षांची असते. पहिल्याच वर्षी एवढी घाई कशाला? रात्रपाळ्या पुढे सुरू होतील. जागरण हे फिटला निमंत्रण देणारं कारण असल्याने आधीचा आजार तिने कॉलेजच्या डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवावा आणि रात्रपाळीनंतर दिवसा भरपूर झोपावं. नव्या सुनेला दिवसा झोपू देणारं सासर मिळणं किती अवघड, हे तुम्ही-मी जाणतोच.

आणि आज रात्री पाठ घेताना तिला विचारा: आई, नाकाकडे वळलेला डोळा खाली वळवते ती जोडी कोणती? बहुतेकजणी इथे चुकतात. उत्तर चौथी.